झोळीचा ताण
पहिली झोळी मी खाटेसारखी ताठ बांधली आणि दोर तुटून पाठीवर आपटलो. चूक शोधता शोधता इतिहासात शिरलो. १४९२ साली कोलंबसाला कॅरिबियन बेटांवर टाइनो लोकांच्या सुती जाळीदार झोळ्या दिसल्या. त्यांचा ‘हमाका’ हा शब्द स्पॅनिशमार्गे युरोपभर गेला. पुढे जहाजांवर कॅनव्हास आले. १९३५ मध्ये नायलॉन जन्मले आणि महायुद्धात पॅराशूटसाठी रेशमाच्या जागी बसले. ठरावीक अंतरावर जाड धागे विणून फाटणे रोखणारे नायलॉन आज मी घरी शिवतो. कापड हलके झाले, ताणाचे गणित मात्र तेच राहिले. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांत असला तर ७० किलोच्या माणसामुळे प्रत्येक दोरावर ७० किलो भार येतो; १० अंशांत सुमारे २००. आता मी झोळी सैल टांगतो. झाडाला रुंद पट्टा बांधतो, म्हणजे सालही वाचते.