खराटा कोणाच्या हाती?

रस्त्याकडेचा केर स्वखुशीने उचलणारे तरुण हल्ली गावोगाव दिसू लागले आहेत. त्यांचे कौतुक करावे हे योग्यच. परंतु कौतुक करून थांबणे मात्र योग्य नव्हे. या खराट्यास एक इतिहास आहे, आणि त्याची दोन पाने आमच्या खानदेशातच लिहिली गेली आहेत.

पहिले पान चाळीसगावचे. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी डॉ. आंबेडकर येथील स्थानकावर उतरले. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते सभासद होते. महारवाडा स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, नदीपलीकडे. पाहुण्यांस पायी नेणे लोकांस प्रशस्त वाटेना. आणि अस्पृश्यास बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला कबूल होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही! वस्तीतील ज्या गृहस्थाने लगाम हाती घेतला, त्यास त्या कामाची सवय नव्हती. नदीवरील फरशीवर चाक अडले, घोडा व गाडी पाण्यात गेली, आणि डॉक्टरसाहेबांच्या पायाचे हाड मोडले. हा प्रसंग पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. पोटासाठी गाडी हाकणाऱ्या दरिद्री मनुष्यासही आपण एका बॅरिस्टराहून श्रेष्ठ आहो असे वाटावे, हे त्या प्रसंगाचे मर्म होय.

दुसरे पान फैजपूरचे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन तेथे भरले. नंदलाल बोस यांनी बांबूंसारख्या साध्या साहित्यातून तिलकनगर सजविले. त्या अधिवेशनासाठी साने गुरुजींनी अपार कष्ट घेतले. मैला वाहणे, गाव झाडणे ही कामे त्यांस कधी हलकी वाटली नाहीत. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या ते गुपचूप झाडून ठेवीत. वाचकांस १९०१ सालची कलकत्त्याची राष्ट्रसभा आठवेल. तेथील घाण पाहून गांधीजींनी स्वयंसेवकांस हटकले, तेव्हा ‘ते भंग्याचे काम’ असे उत्तर आले आणि गांधीजींनी स्वतःच केरसुणी मागून घेतली. कलकत्त्यास जे लाजिरवाणे, ते फैजपुरास सेवा ठरले. पस्तीस वर्षांत एवढे अंतर तुटले, हे थोडे नव्हे.

तथापि येथे एक शंका उरते. सुशिक्षिताने खराटा धरला की त्यास त्याग म्हणावयाचे. आणि ज्याच्या जन्मासच तो बांधला गेला, त्याच्या श्रमास काय म्हणावयाचे? झाडू मारणे हे थोर काम आहे, असे त्यातून सुटू न शकणाऱ्यास सांगणे ही क्रूर थट्टा होय, अशा अर्थाची टीका डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली केली. ती टीका आम्हांस टाळता येत नाही. मैला वाहण्याच्या प्रथेस कायद्याने आळा घालण्यास १९९३ साल उजाडावे लागले, आणि तोही कायदा पुरा न पडल्याने २०१३ साली दुसरा करावा लागला.

या शंकेचे उत्तर साने गुरुजींच्या चरित्रातच आम्हांस सापडते. ज्या हातांनी त्यांनी केर काढला, त्याच हातांनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार ठोठावले; ते अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी ते उपोषणास बसले. गाडगेमहाराजांचा खराटाही असाच होता. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनात लोकांच्या मनांतील अस्पृश्यतेवर तोच खराटा चालवावा. रस्ता आणि मन ही दोन्ही झाडल्यावाचून त्यांचे काम पुरे होत नसे.

म्हणून आजच्या स्वयंसेवकांस आमचे सांगणे एवढेच : केर अवश्य उचला, पण जो रोज पहाटे पगारावर तोच रस्ता झाडतो, त्याच्या हातांत मोजे आहेत काय, त्याचा पगार वेळेवर होतो काय, त्यास आपल्या ओसरीवर पाणी मिळते काय, हेही विचारा. आणि आम्ही घरी बसून कौतुक करणारे? आम्ही रस्त्यावर केर टाकला नाही, तरी निम्मी सेवा घडेल. चाळीसगावच्या त्या फरशीवर अडले ते चाक आमचेच होते, आणि ते पुढे ढकलण्याचे काम अद्यापि संपलेले नाही.