टिक आणि इच्छाशक्तीचा वाद

डोळे मिचकावणे, मानेला हिसका देणे, खाकरणे किंवा तोंडून एखादा शब्द निसटणे अशी अचानक, वारंवार होणारी हालचाल वा उच्चार म्हणजे टिक. ती मनाविरुद्ध घडते, तरी काही वेळ दाबून धरता येते, आणि या दुहेरी स्वभावामुळेच रुग्णाच्या मनोनिग्रहाला वैद्यकाने कधी दोष दिला, तर कधी त्याच मनोनिग्रहाला औषध मानले.

पॅरिसचे वैद्य झां इतार यांनी 1825 मध्ये दांपिएर घराण्यातील एका सरदारपत्नीची हकिकत लिहिली, जिला सातव्या वर्षापासून हिसके येत आणि जिच्या तोंडून कुलीन स्त्रीला न शोभणारे अपशब्द निघत. साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तँ शार्को यांच्या हाताखालील जॉर्ज झिल द ला तुरेत यांनी 1885 मध्ये नऊ रुग्णांचा अभ्यास छापताना पहिली जागा तिलाच दिली, आणि शार्को यांनी विकाराला शिष्याचे नाव दिले.

तुरेत यांचा भर आनुवंशिकतेवर होता. 1902 मध्ये आंरी मेज आणि ई. फँदेल यांनी मात्र आपल्या ग्रंथात टिकच्या रुग्णाचे मन बालिश व इच्छाशक्ती दुबळी ठरवली आणि आरशासमोर निश्चल राहण्याचा, तो अवधी हळूहळू वाढवत नेण्याचा सराव सांगितला. हे निदान अन्यायाचे होते, पण त्यांचा सराव अगदीच निरर्थक नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पसरलेल्या निद्राळू मेंदूज्वरातून वाचलेल्या काहींना टिक जडली, तेव्हा मेंदूच्या खोल भागातील, हालचालींची निवड करणाऱ्या चेतापेशी-पुंजांकडे लक्ष वळले. 1961 मध्ये डोपामिन या चेतारसायनाला अटकाव करणाऱ्या हॅलोपेरिडॉल या औषधाचा गुण दिसल्यावर तर टिकचे मूळ मनात शोधणाऱ्या मनोविश्लेषकांचे तर्क मागे पडू लागले.

1998 मध्ये ब्रॅडली पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 22 प्रौढ रुग्णांना टिक दाबायला सांगून त्यांच्या मेंदूची चुंबकीय प्रतिमा घेतली, तेव्हा नियंत्रण व निर्णयाशी निगडित अग्रभागात क्रियाशीलता वाढलेली आणि त्याबरोबर त्या खोल पुंजांतील क्रियाही बदललेली आढळली. म्हणजे ज्यांना दुबळ्या इच्छाशक्तीचे म्हटले गेले, ते प्रत्यक्षात सतत परिश्रम करत होते. दरम्यान नेथन अझरिन व ग्रेगरी नन यांनी 1973 मध्ये मांडलेल्या पद्धतीत केवळ दाबून न धरता टिकपूर्वीची तगमग ओळखून टिकशी विसंगत हालचाल करायला शिकवले जाई; याच पद्धतीवर आधारलेल्या उपचाराची 126 मुलांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांत या उपचाराने 52.5 टक्के मुले, तर केवळ समुपदेशन व माहिती मिळालेल्यांपैकी 18.5 टक्के मुले लक्षणीय सुधारली.