तांदळातले खडे आणि जुनी मोटार

१/ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ हे सत्तावीस वर्षांचे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ १९६७-६८ हे शैक्षणिक वर्ष दिल्लीत होते, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. भारतात येऊन फार दिवस झाले नसतील तोच त्यांना एक नकाराचे पत्र मिळाले. त्यांचा लेख परत आला होता. अमेरिकेतील अग्रगण्य नियतकालिकाच्या मते तो फारच क्षुल्लक विषयावर होता. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार.

२/ आणखी दोन नियतकालिकांनीही तो नाकारला. त्यांतल्या एकाचे म्हणणे विलक्षण होते : हे खरे असेल, तर अर्थशास्त्रच वेगळे असावे लागेल. अखेर १९७० साली ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ने तो छापला आणि २००१ साली अ‍ॅकरलॉफ यांना, इतर दोघांसह, अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या धाग्यात त्या लेखातल्या एका प्रश्नाचा माग काढायचा आहे. विक्रेत्याला ठाऊक असलेला दोष त्याने गिऱ्हाइकाला सांगितलाच पाहिजे का?

३/ लेखाचा गाभा सोपा आहे. समजा, बाजारात दोन प्रकारच्या जुन्या गाड्या आहेत : चांगली, एक लाखाची, आणि खराब, चाळीस हजारांची. कोणती कोणती हे मालकाला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. घेणारा अंदाजाने मधली रक्कम देऊ करतो, सत्तर हजार. खराब गाडीचा मालक आनंदाने विकतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात कशाला विकू? आणि गाडी घरीच ठेवतो. आता बाजारात खराब गाड्यांचेच प्रमाण वाढले, म्हणून देऊ केलेली रक्कम आणखी उतरते. शेवटी प्रामाणिक माणसालाच बाजार सोडावा लागतो. खराब गाडीला अमेरिकी बोलीत ‘लेमन’ म्हणतात. लेखाच्या शीर्षकात तोच शब्द आहे.

४/ त्या लेखात आपल्याकडचे दाखलेही आहेत. गावचा सावकार आहे, मॅनेजिंग एजन्सी आहेत आणि तांदूळ निवडणारी भारतीय गृहिणी आहे. तांदळाच्याच रंगाचे व आकाराचे खडे कोणीतरी मुद्दाम मिसळतो आणि ते शोधण्याचे श्रम मात्र तिच्या वाट्याला येतात. फसवणुकीची किंमत फसवणारा भरत नाही, सगळा बाजार भरतो, हे सांगायला याहून नेमके उदाहरण मला तरी सुचत नाही.

५/ आता अमेरिकेत जाऊ. तिथे जुन्या गाड्यांचा डीलर हा फार पूर्वीपासून विनोदाचा आणि संशयाचा विषय. मीटर मागे फिरवण्याचा प्रकार इतका बोकाळला होता, की १९७२ साली त्याविरुद्ध केंद्रीय कायदा करावा लागला. बहुतेक व्यवहार ‘आहे त्या स्थितीत’ या अटीवर होत. आपल्या सरकारी लिलावांच्या जाहिरातींत ‘जसे आहे, जेथे आहे’ असे लिहिलेले असते, त्याच अर्थाने. म्हणजे गाडी फाटकाबाहेर पडून पहिल्याच वळणावर बंद पडली, तरी तक्रार गिऱ्हाइकाने आपल्यापाशीच ठेवायची.

६/ १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय आयोगाला जुन्या गाड्यांच्या विक्रीबाबत नियम करण्याची प्रक्रिया सुरू करायला सांगितले. सुनावण्या, साक्षी, अहवाल यांत काही वर्षे गेली. १९८१ साली नियम तयार झाला. प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर डीलरने एक पत्रक चिकटवायचे. हमी आहे की नाही, ते त्यावर लिहायचे. आणि गाडीतील जे मोठे दोष डीलरला ठाऊक असतील, तेही नोंदवायचे. गाडी तपासण्याची सक्ती नव्हती. केवळ ठाऊक आहे तेवढे सांगा, एवढीच मागणी.

७/ डीलरांनी या कलमाविरुद्ध कंबर कसली. त्यांचा एक युक्तिवाद विचारात घेण्यासारखा होता, हे मान्य केले पाहिजे. जो डीलर मनापासून गाडी तपासतो त्यालाच दोष ठाऊक होणार, त्यामुळे पत्रक भरणार तोच. जो डोळे मिटून विकतो, त्याची काच कोरी. नियमाने अज्ञानालाच बक्षीस मिळेल. शिवाय एखाद्याला अमुक ‘ठाऊक होते’ हे न्यायालयात सिद्ध कसे करणार? पण यावर उपाय होता : तपासणीच सक्तीची करा. विस्कॉन्सिन राज्यात डीलरने वाजवी तपासणी करून दोष जाहीर करण्याचा नियम अमलात होता आणि तिथला जुन्या गाड्यांचा बाजार त्यामुळे बुडाला नाही. डीलरांना मात्र तो उपायही नको होता.

८/ आयोगाचे नियम दोन्ही सभागृहांनी ठराव करून रद्द करावेत, अशी तरतूद अमेरिकी संसदेने १९८० साली करून ठेवली होती. ती आता कामी आली. मे १९८२ मध्ये सिनेटने ६९ विरुद्ध २७ मतांनी आणि प्रतिनिधिगृहाने २८६ विरुद्ध १३३ मतांनी हा नियम फेटाळला.

९/ ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या. त्याच काळात सर्वोच्च न्यायालयापुढे एक वेगळेच प्रकरण होते. जगदीश राय चड्ढा हे केनियात जन्मलेले, भारतीय आईवडिलांचे विद्यार्थी. व्हिसाची मुदत संपल्यानंतर त्यांना अमेरिकेत राहू द्यायचे की नाही, हा वाद. अधिकाऱ्यांनी राहू दिले, प्रतिनिधिगृहाने ठराव करून तो निर्णय उलटवला. जून १९८३ मध्ये न्यायालयाने म्हटले, की राष्ट्राध्यक्षांकडे न पाठवता असा नुसता ठराव करून निर्णय रद्द करणे घटनाबाह्य आहे. जुन्या गाड्यांचा नियम रद्द करणारा ठरावही त्याच तत्त्वाने पुढच्या महिन्यात कोसळला. एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याच्या खटल्याने डीलरांचा विजय पुसला गेला!

१०/ गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. नियम पुन्हा आयोगाच्या हाती आला आणि आयोगानेच त्याचा फेरविचार केला. १९८४ च्या अखेरीस जो अंतिम नियम जाहीर झाला, त्यातून ठाऊक असलेले दोष सांगण्याचे कलम गळाले होते. अंमलबजावणी अवघड, असे कारण दिले गेले. मे १९८५ पासून ते पत्रक काचांवर दिसू लागले. त्याच्या मागच्या बाजूला जुन्या गाडीत कोणकोणते मोठे दोष संभवतात याची यादी छापलेली असते : इंजिन, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग. तुमच्यासमोरच्या गाडीत यांतला कोणता आहे, हे मात्र डीलरने सांगायचे बंधन नाही.

११/ भारतात याच प्रश्नाचे काय झाले? अ‍ॅकरलॉफ दिल्लीत होते तेव्हा, त्यांच्या लेखातला बाजार त्यांच्या आसपास उलटा चालत होता. नवी गाडी शोरूमबाहेर पडताच तिची किंमत घसरते, असे ते म्हणत होते. आपल्याकडे ती चढत होती.

१२/ कारण परवान्यांचे राज्य. जनरल मोटर्स आणि फोर्ड पन्नाशीच्या दशकातच भारतातून निघून गेले होते. उरल्या तीन गाड्या : हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट. उत्पादन मोजके, किमतींवर सरकारचे नियंत्रण, आणि प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची. त्यातही फियाटची अधिकच. त्यामुळे नुकतीच वापरात आलेली फियाट नव्या फियाटच्या अधिकृत दराहून महाग विकली जाई. घेणारा वरचे पैसे गाडीसाठी मोजत नसे. रांगेत घालवावी लागणारी वर्षे तो विकत घेत असे.

१३/ माझ्या मते आपल्या ग्राहकाची सवय इथे घडली. जिथे गाडी मिळणे हेच भाग्य, तिथे गिअरबॉक्सचा आवाज कसला येतो हे विचारणार कोण? १९३० च्या वस्तुविक्री कायद्यातही मूळ तत्त्व ‘खरेदीदाराने सावध राहावे’ हेच, अपवाद थोडके. सावधगिरी म्हणून माणूस ओळखीचा मेकॅनिक सोबत नेई. तो बॉनेट उघडून कान लावी, ऑइलची काडी बाहेर काढून बोटाने चोळून पाही, दाराच्या कडेला रंगाखाली पुट्टी भरली आहे का ते नखाने टोकरून बघे. निवडलेल्या तांदळाचीच ही तऱ्हा.

१४/ १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. तेव्हाही बुकिंग लाखावर गेले होते आणि रांग कायमच होती. १९९३ साली मोटारउद्योगाचा परवाना रद्द झाला, नव्या कंपन्या आल्या, रांग विरली. आणि मग, पहिल्यांदाच, अ‍ॅकरलॉफ यांचा बाजार भारतात अवतरला : भरपूर गाड्या, उतरत्या किमती, आणि मनात शंका. मारुतीने तपासून, हमी देऊन जुन्या गाड्या विकणारी ‘ट्रू व्हॅल्यू’ दुकाने २००१ मध्ये सुरू केली, म्हणजे नेमकी अ‍ॅकरलॉफ यांच्या नोबेलच्या वर्षी. खराब मालाच्या बाजारावर त्यांनी सुचवलेले उपाय हेच होते : हमी आणि नाव.

१५/ कायद्याचे लक्ष मात्र दुसरीकडे लागले होते. विकलेली गाडी आरटीओत नव्या मालकाच्या नावावर चढत नाही, दरम्यान ती तीन-चार हातांतून फिरते आणि अपघात होतो. मग भरपाई कोणी द्यायची? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात सांगितले, की नोंदवहीत ज्याचे नाव, तोच मालक. गाडी केव्हाच विकून मोकळा झालेला माणूस अडकला.

१६/ म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरने आता आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नोंदली, की पुढची जबाबदारी डीलरची. गाडी कुठे आणि कशासाठी फिरवली, याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही त्याने ठेवायची. गाडी डीलरकडे सोपवणाऱ्यासाठी हे मोठे संरक्षण आहे, यात शंका नाही. मात्र हे सारे नियम कागद, ताबा आणि जबाबदारी यांचे आहेत. बॉनेटखाली काय बिघडले आहे ते गिऱ्हाइकाला सांगावे, असे एकही कलम त्यांत नाही.