बिरूनीचं ग्रहण आणि काचेचा धागा

आपल्याकडे शाळेच्या बक्षीस समारंभात किंवा एखाद्या जलशात मुस्लीम वैज्ञानिकांची यादी हमखास ऐकायला मिळते. ख्वारिझमी, इब्न सीना, इब्न हैसम, बिरूनी. वक्ता नावं घेतो, टाळ्या पडतात आणि मंडळी चहाला उठतात. या माणसांनी नेमकं काय केलं, कोणाच्या सोबतीनं केलं, हे क्वचितच कोणी सांगतं. मला त्यातला एकच प्रसंग आज मांडायचा आहे. तो एक हजार वर्षांपूर्वीचा असला तरी त्याचा धागा आजच्या कुलाब्यापर्यंत, हिंगोलीपर्यंत आणि कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचतो.

तारीख होती २४ मे ९९७. त्या रात्री चंद्रग्रहण होतं. ख्वारिझमच्या काथ या शहरात, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानात, अबू रैहान अल्-बिरूनी आकाशाकडे डोळे लावून होता. त्याचं वय अवघं तेवीस. त्याच रात्री बगदादमध्ये अबुल वफा बुझजानी हेच ग्रहण पाहत होता. तो वयानं पन्नाशी ओलांडलेला, नावाजलेला गणिती. दोन शहरांत सरळ रेषेत मोजलं तर सतराशे किलोमीटरांच्या आसपास अंतर. दोघांनी आधीच ठरवून घेतलं होतं की एकाच ग्रहणाची स्थानिक वेळ आपापल्या शहरात टिपायची आणि एकमेकांना कळवायची.

यामागचं तत्त्व साधं आहे. चंद्रावर पृथ्वीची सावली पडते तो क्षण सगळ्या जगासाठी एकच असतो. घड्याळातली वेळ मात्र गावागणिक वेगळी, कारण पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी उगवतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून दोन ठिकाणच्या वेळांतला फरक कळला की त्यांच्या रेखांशांतला फरक कळतो. बिरूनी आणि बुझजानी यांच्या नोंदींत सुमारे एका तासाचा फरक आला. एकट्या बिरूनीच्या आकड्याला काही अर्थ नव्हता, एकट्या बुझजानीच्याही नव्हता. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा त्यातून ज्ञान निघालं.

या सहकार्यामागची परिस्थितीही लक्षात घ्यायला हवी. दोनच वर्षांपूर्वी ख्वारिझममध्ये सत्तांतराची लढाई झाली होती. जुनं घराणं संपलं होतं आणि बिरूनीला शहर सोडून पळावं लागलं होतं. बगदादवर त्या वेळी बुवैही अमीरांची हुकमत होती. म्हणजे राज्यं वेगळी, राजे वेगळे, रस्ते धोक्याचे. तरीही एक तरुण आणि एक बुजुर्ग यांच्यात मोजमापाचा करार झाला आणि तो पाळला गेला. पुढच्याच वर्षी बुझजानीचं निधन झालं. बिरूनीनं या ग्रहणाचा दाखला पुढे आपल्या भूगोलविषयक ग्रंथात दिला. त्या ग्रंथाचा एक हेतू गझनी शहराची किब्ल्याची दिशा अचूक काढणं हा होता. नमाजीला कुठे तोंड करून उभं राहायचं, या प्रश्नाचं उत्तर शोधायलाही दुसऱ्या शहरातला आकडा लागत होता.

वह्यांत राहिलेला आकडा

आकडे वेळेत भेटले नाहीत तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नियमित नोंदी घेतल्या जात. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावर प्रचंड स्फोट झाला. त्याच्या परिणामानं युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रणा बिघडल्या आणि एरवी ध्रुवाजवळ दिसणारा प्रकाश पार दक्षिणेकडेही दिसला. त्याच वेळी कुलाब्याच्या यंत्रानं चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली. तुलनेसाठी सांगतो, १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज घालवणाऱ्या सौर वादळाचा मोजलेला जोर ६०० नॅनोटेस्लांच्याही आतच होता.

कुलाब्याच्या त्या आकड्यांचं मोल जगाला कळलं ते २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या अभ्यासकांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत जुन्या नोंदींचा नव्यानं अभ्यास केला तेव्हा. मधे १४४ वर्षं गेली. वाचणाऱ्यानं नीट वाचलं होतं, लिहिणाऱ्यानं नीट लिहिलं होतं. पण आकडा वह्यांमध्येच राहिला, त्याला दुसरा आकडा भेटला नाही.

असंच आणखी एका हस्तलिखिताचं झालं. दहाव्या शतकातल्या इब्न सह्लनं भिंगांवर एक ग्रंथ लिहिला होता. प्रकाशकिरण हवेतून काचेत शिरताना किती वळतो, याचा नियम त्यात भूमितीच्या रूपात आहे. पाठ्यपुस्तकात आपण हाच नियम स्नेल या डच गणितीच्या नावानं शिकतो. इब्न सह्लच्या ग्रंथाची पानं विखुरलेली होती. काही तेहरानच्या ग्रंथालयात, काही दमास्कसच्या. रुश्दी राशिद या इतिहासकारानं ती जुळवली आणि १९९० मध्ये हे जगासमोर मांडलं. दोन शहरांतली पानं एकत्र यायला हजार वर्षं लागली.

काचेतून जाणारा काफिला

याच प्रकाशाच्या वळण्यावर आजचं सगळं दळणवळण उभं आहे. काचेच्या आत धावणारा किरण काठावर पुरेसा तिरका आदळला तर बाहेर पडत नाही, आतच परततो. अशा उड्या घेत तो काचेच्या बारीक धाग्यातून कितीही वळणं घेऊन जाऊ शकतो. पंजाबातल्या मोग्याला जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये प्राध्यापक हॉपकिन्स यांच्यासोबत अशा धाग्यांच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. त्यांचा निबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.

अडचण अंतराची होती. त्या काळच्या काचेत वीसेक मीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरातला जेमतेम एक भाग उरायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकम यांनी दाखवून दिलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धतेचा आहे. एक किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी टेलिफोनसाठी हा धागा कामाचा ठरेल, असा त्यांचा हिशेब होता. चार वर्षांत अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं तेवढी शुद्ध काच बनवली. आजच्या धाग्यात तोच एक टक्का शंभर किलोमीटरनंतर उरतो. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. १९८८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली प्रकाशीय केबल सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत समुद्रतळाचा नकाशाच बदलला.

या धाग्यांचा उपयोग आपण सिनेमे बघायला आणि व्हॉट्सअॅपवर भांडायला करतो. विज्ञानानं मात्र बिरूनीचा करार जगभर पसरवला. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेतल्या टकरींची माहिती एका इमारतीत मावत नाही. ती चाळीसहून अधिक देशांतल्या संगणक केंद्रांत वाटली जाते. त्यातलं एक केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे, म्हणजे पुन्हा कुलाब्यातच. ज्या कुलाब्याचा आकडा १४४ वर्षं पडून राहिला, तिथेच आता जिनिव्हाची माहिती समुद्राखालून येते आणि तिच्यावर काम होऊन परत जाते. देशातली विद्यापीठं आणि संशोधन संस्था जोडणाऱ्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला केंद्र सरकारनं २०१० मध्ये मंजुरी दिली, ती याच गरजेतून.

गुरुत्वीय लहरींचा शोध तर बिरूनीच्या ग्रहणाचाच थेट वारस आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या यंत्रानं एक थरथर टिपली. तीन हजार किलोमीटरांवरच्या हॅनफर्डच्या यंत्रानं तीच थरथर सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी टिपली. एकाच यंत्राची नोंद असती तर तो जवळून गेलेल्या ट्रकचा धक्काही असू शकला असता. दोन ठिकाणी, ठरावीक फरकानं आली म्हणून ती आकाशातली ठरली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी इटलीतलं यंत्रही सोबत होतं. त्यामुळे आकाशातली जागा बरीच नेमकी सांगता आली. जाळ्यावरून सूचना गेली आणि सुमारे ७० वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या त्या टकरीचा मागोवा घेतला.

याच साखळीतलं पुढचं यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. पृथ्वीच्या या बाजूला एक यंत्र असलं की आकाशातली दिशा अधिक अचूक कळेल. म्हणजे जे काम काथ आणि बगदादनं केलं, ते काम लिव्हिंग्स्टन आणि मराठवाडा करणार आहेत.

जिथे धागा पोचत नाही तिथे आजही काफिलाच लागतो. कृष्णविवराचं पहिलं चित्र २०१९ मध्ये आलं, त्याची निरीक्षणं २०१७ च्या एप्रिलमध्ये झाली होती. माहिती इतकी अवाढव्य होती की हार्ड डिस्क विमानानं न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपून विमानं सुरू होईपर्यंत अडकून पडल्या.

किनाऱ्यापर्यंत न पोचलेली बातमी

कृष्णविवर थांबू शकतं, समुद्र थांबत नाही. म्हणून या सगळ्या इतिहासात २६ डिसेंबर २००४ ची सकाळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

भारतीय वेळेनुसार साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला. भूकंपमापकांचं जगभरचं जाळं तेव्हाही होतं. हवाईतल्या केंद्राला हादरा मिनिटांत कळला आणि साधारण पंधरा मिनिटांत त्यांचं पहिलं पत्रकही निघालं. पण ते प्रशांत महासागरातल्या देशांसाठी होतं, आणि तुमच्या किनाऱ्याला धोका नाही एवढंच त्यात होतं. हिंद महासागरासाठी इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. आचेच्या लोकांना अर्धा तासही मिळाला नाही. श्रीलंका आणि तमिळनाडूपर्यंत लाट पोचायला मात्र दोन तास किंवा त्याहून अधिक वेळ लागला. प्रकाशाला काचेतून पृथ्वीला वळसा घालायला सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो. त्या दोन तासांत नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर कोणी एक शब्द पोचवला नाही. चौदा देशांत मिळून सुमारे २ लाख ३० हजार माणसं गेली. तार होती, यंत्रं होती, आकडाही होता. करार नव्हता.

तो नंतर झाला. युनेस्कोच्या पुढाकारानं हिंद महासागरातले देश एकत्र आले. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत ऑक्टोबर २००७ मध्ये त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. भारत, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया ही तीन केंद्रं आता साऱ्या महासागरासाठी इशारे देतात. भूकंपमापकांची, भरतीमापकांची आणि समुद्रतळावरच्या दाबमापकांची माहिती देशोदेशींहून येते आणि इशाराही सीमा ओलांडून जातो.

हे आपल्या किनाऱ्याशी कसं जोडलेलं आहे? २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या बलुचिस्तानात, मोठा भूकंप झाला. त्यातून उठलेली लाट काही तासांनी मुंबईपर्यंत आली आणि इथेही माणसं वाहून गेली. तशी लाट पुन्हा उठली तर तिची पहिली चाहूल पाकिस्तान, इराण किंवा ओमानच्या यंत्रांना लागेल. भारत, पाकिस्तान आणि इराण हे तिन्ही देश त्या इशारा व्यवस्थेचे सदस्य आहेत. टीव्हीवर रोज एकमेकांना बुडवण्याची भाषा चालते, पण आकड्यांची देवाणघेवाण थांबली तर बुडणार आहेत ते हर्णै-मिरकरवाड्याचे मच्छीमार आणि तिकडे पसनीचे. त्यांत कोळी आहेत, दालदी आहेत, बलुच आहेत.

आता तर काचेचा धागाच कान होऊ लागला आहे. भूकंपानं केबल किंचित ताणली जाते आणि तिच्यातल्या प्रकाशात सूक्ष्म फरक पडतो. २०१८ मध्ये संशोधकांनी माल्टा आणि सिसिलीमधल्या समुद्री केबलवर असा भूकंप टिपून दाखवला. नव्या केबलींमध्येच दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं बसवावीत, म्हणजे समुद्र किती तापतोय तेही कळेल, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्था २०१२ पासून मिळून प्रयत्न करत आहेत. पण केबल एका देशाच्या किनाऱ्यावर सुरू होते आणि दुसऱ्याच्या किनाऱ्यावर संपते. ऐकलेलं सांगायचं की लपवायचं, हे शेवटी माणसंच ठरवणार.

शेवटचा टप्पाही माणसांचाच असतो. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोनं त्सुनामीसाठी सज्ज गाव म्हणून मान्यता दिली. तिथे पळायच्या वाटा ठरल्या आहेत, सराव झाला आहे. आपल्या कोकणातल्या बंदरांवर, जमातीच्या बैठकीत, मच्छीमार सोसायटीत हे बोलणं व्हायला हवं. इशारा आला तर तो कोण सांगणार, मशिदीच्या भोंग्यावरून कोण पुकारणार, देवळाची घंटा कोण वाजवणार, म्हाताऱ्यांना टेकडीवर कोण नेणार? भोंग्यावरून आपण इतके वाद ऐकले आहेत, त्याचा हा उपयोग दोन्ही बाजूंनी एकत्र बसून ठरवायला काय हरकत आहे?

बिरूनीचा फख्र वाटणं चूक नाही. पण त्याचं मोठेपण एकट्याच्या हुशारीत शोधू नये. राज्य बुडालेलं असताना, वाटा बंद असताना त्यानं परक्या शहरातल्या माणसावर विश्वास ठेवला, आपला आकडा त्याला दिला आणि त्याचा घेतला. औंढा नागनाथच्या यंत्रावर उद्या काम करायला माणसं लागतील, हैदराबादच्या पडद्यासमोर रात्रपाळीला बसायला लागतील. त्यांत आपल्या मोहल्ल्यातली मुलंमुलीही असावीत असं मला वाटतं. पुढच्या बक्षीस समारंभात ती यादी वाचली जाईल तेव्हा टाळ्यांनंतर दोन मिनिटं थांबून मुलांना हे ग्रहण जरूर सांगावं, आणि बगदादच्या बुझजानीचं नावही सोबत घ्यावं.