शिवडीच्या रोहित पक्ष्यांचे माहेर

करी रोड स्थानकातून लालबाग ओलांडून पूर्वेकडे चालत गेले की गिरण्यांचा जुना मुलूख मागे पडतो आणि शिवडीचा किल्ला लागतो. किल्ल्यालगतच्या खाडीत ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तेथे हजारो रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, चरताना दिसतात. मात्र घरटे ते येथे बांधत नाहीत.

मग त्यांचे माहेर कोठे? याचे उत्तर मिळाले ते चिखलात मुक्काम ठोकणाऱ्यांमुळे.

गिरगावच्या खेतवाडीत वाढलेले सलीम अली एप्रिल १९४५ मध्ये कच्छच्या मोठ्या रणात पोहोचले. तेथील रोहितांच्या वसाहतीला स्थानिक लोक ‘हंजबेट’ म्हणत. कच्छचे महाराव खेंगारजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच तिची वार्ता मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवली होती. त्यांचे पुत्र विजयराजजी यांच्या आश्रयाने सलीम अलींनी कच्छच्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले.

पावसाळ्यात रणावर उथळ पाणी पसरते, पुढे उन्हाने आटून मीठ उरते. त्या दलदलीत घोडा किंवा उंट हेच वाहन. गोडे पाणी तर थेंबभरही नाही. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे लागे. रोहित नेमकी हीच जागा का निवडतो? चिखलाचा बुटका मनोरा रचून तो त्यावर बहुधा एकच अंडे घालतो आणि भोवतीचे पाणी कोल्ह्यांना अडवते. पाणी फार झाले तर घरटी बुडतात. लवकर आटले तर वसाहतीवर अंडी सोडून जाण्याची पाळी येते. सलीम अलींचा अंदाज होता सुमारे १ लाख घरटी आणि पिल्ले धरून ५ लाख पक्षी!

ही वसाहत मोठ्या रोहितांची. शिवडीत संख्येने अधिक असतो तो लहान रोहित. त्याचे सर्वांत मोठे प्रजननस्थान आफ्रिकेत, टांझानियातील नॅट्रॉन या क्षारसरोवरात. तेथे १९५४ मध्ये लेस्ली ब्राउन हा केनियातील शेतकी अधिकारी घरट्यांपर्यंत पायी जाण्यास निघाला. सोड्याच्या चिखलाने त्याचे पाय इतके पोळले की कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागले. हंजबेटाचा उंट त्यामानाने सुखाचाच म्हणायचा.

लहान रोहित भारतातही, कच्छच्या रणातच, वीण करतो याची नोंद सलीम अलींनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केली.

२०२२ मध्ये सोसायटीच्या संशोधकांनी ठाणे खाडीतील ६ रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. त्यांतील काहींचा प्रवास गुजरातच्या दिशेने झाला. या सहांपैकी एकाचे नाव ठेवले होते सलीम, दुसऱ्याचे खेंगारजी.