बारभाईंचा कारभार

ज्या कामास धनी पुष्कळ आणि जबाबदार एकही नाहीं, त्यास आपण 'बारभाई कारभार' म्हणतों. येथें गोंदियाला वर्गांत नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरचा भाग शिकवितांना हा शब्द आला कीं, विद्यार्थी हटकून हंसतात. आम्हांस ही थट्टा नेहमींच अन्यायाची वाटत आली आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं अठरा वर्षांच्या नारायणरावास ठार केलें. चुलता रघुनाथराव पेशवा झाला आणि ऑक्टोबरांत साताऱ्याहून त्यास रीतसर वस्त्रेंही आलीं. रामशास्त्री प्रभुणे यांनीं त्यास दोषी ठरविलें, ही कथा लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु न्यायाधीशाच्या निवाड्यानें राज्य पालटत नाहीं. त्यास फौज लागते, पैसा लागतो आणि ज्याच्या नांवानें हुकूम सोडावयाचे असा कोणी धनी लागतो. फौज व पैसा यांची तजवीज सखाराम बापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके, मोरोबा फडणीस आदि मंडळींनीं केली. (हे मोजून बाराच होते असें नव्हे, 'बारा' म्हणजे येथें पुष्कळ.) धनी कोठून आणावयाचा, हा खरा पेंच होता.

नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. जानेवारी १७७४ मध्यें तिला पुरंदरावर नेऊन मंडळींनीं तिच्या नांवानें कारभार चालू केला. वाचकांनीं क्षणभर येथें थांबावें. सुमारें तीन महिने पेशवाईची गादी न जन्मलेल्या जिवासाठीं राखून ठेवलेली होती. मुलगी झाली असती तर? मूल दगावलें असतें तर? अशा स्थितींत २६ मार्चला कासेगांवीं रघुनाथरावानें त्रिंबकरावांचा पराभव केला, आणि त्या जखमांनीं ते गेले. तरीही मंडळी फुटली नाहीं. १८ एप्रिलला मुलगा झाला. चाळिसाव्या दिवशीं, २८ मे रोजीं, सवाई माधवरावास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. आठ महिन्यांपूर्वीं आजोबास वस्त्रें देणारे रामराजे छत्रपति नातवासही देते झाले! राज्याचा खरा स्वामी साताऱ्यास होता खरा, पण त्याची संमति ही जिंकणाऱ्याच्या मागून चालत होती.

आमच्या या पूर्वेकडील मुलुखापर्यंत त्या वादाची झळ पोंचली. हा प्रदेश तेव्हां नागपूरकर भोसल्यांचा. १७७२ मध्यें जानोजी वारल्यावर साबाजी व मुधोजी हे भाऊ आधींच भांडत होते. आतां साबाजी बारभाईंकडे, तर मुधोजी रघुनाथरावाकडे झुकला. २६ जानेवारी १७७५ रोजीं नागपूरजवळ पांचगांवच्या लढाईंत साबाजी मारला गेला, आणि मुधोजी आपल्या मुलाच्या, रघूजीच्या, नांवानें कारभार पाहूं लागला. पुण्यांतील अनेकांचा कारभार आणि नागपुरांतील एकाच बापाचा कारभार, दोन्ही अज्ञान धन्याच्याच नांवानें! नागपुरास भावाचें रक्त सांडावें लागलें. पुण्याची मंडळी निदान आपसांत तरी तोंवर लढली नव्हती.

तोंवर, असें आम्हीं मुद्दाम म्हटलें. रघुनाथरावानें मार्च १७७५ मध्यें सुरतेस साष्टी-वसईचें मोल देऊन इंग्रजांची मदत विकत घेतली. पण कलकत्तेकरांनीं तो तह नाकारून १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरास बारभाईंशींच तह केला. येथें त्यांचा विजय पुरा झाला आणि येथूनच एकोपा सैल होऊं लागला. १७७७ मध्यें गंगाबाई वारली. पुढील सालीं मोरोबानें रघुनाथरावास परत आणण्याचा घाट घातला. नानांनीं महादजी शिंद्यांच्या बळावर तो मोडला. मोरोबा कैद झाला, मागोमाग वृद्ध बापूही. ज्यांनीं एका माणसाच्या अनन्य सत्तेविरुद्ध एकी केली, त्यांतूनच एक माणूस उरला. नाना थोर कारभारी होते याबद्दल आमच्या मनांत शंका नाहीं. पण त्यांच्या चुका दाखविण्यास बरोबरीचा कोणी राहूं नये, ही त्यांचीही इच्छा होती, हें लपवून काय उपयोग?

सवाई माधवराव नानांच्या नजरेखालींच वाढला. ऑक्टोबर १७९५ मध्यें तो शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालीं पडला व दोन दिवसांनीं मरण पावला. तेव्हां तो एकवीस वर्षांचा होता. कारभार अद्याप नानांच्याच हातीं होता.