जीनोमचं विश्लेषण स्वतःच्या सर्व्हरवर: ‘गॅलक्सी’ कसं बसवतात, कुठे अडतं आणि हिरवा रंग कधी फसवतो?

कोरोनाच्या काळात ‘जीनोम सिक्वेन्सिंग’ हा शब्द घराघरांत पोहोचला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचं जाळं उभं केलं. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या दोन्ही संस्था त्यात होत्या. बातम्या वाचून असं वाटायचं की नमुना मशीनमध्ये गेला की व्हेरियंटचं नाव बाहेर येतं.

प्रत्यक्षात मशीन फक्त अक्षरांचे लाखो-कोट्यवधी तुकडे देतं. त्यांचा अर्थ लावायचं काम सॉफ्टवेअर करतं. हे सॉफ्टवेअर अनेक प्रयोगशाळा आणि कॉलेजं स्वतःच्या सर्व्हरवर बसवतात. ते कसं बसवतात? अडलं तर काय करतात? आणि सगळं सुरळीत चाललेलं दिसत असतानाही उत्तर चुकू शकतं, ते कसं? समजून घेऊया.

लॅपटॉपवर का भागत नाही?

कोरोना विषाणूचा जीनोम सुमारे ३० हजार अक्षरांचा आहे. माणसाचा सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, म्हणजे जवळपास एक लाख पट मोठा.

सर्वाधिक वापरात असलेली मशीन्स हा जीनोम सलग वाचत नाहीत. ती साधारण १५० अक्षरांचे तुकडे वाचतात. चूक टाळण्यासाठी प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जाते. म्हणजे एका माणसामागे सुमारे ६० कोटी तुकडे होतात. त्यांची दाबून लहान केलेली फाइलसुद्धा कित्येक दहा जीबींची असते, आणि काम चालू असताना तयार होणाऱ्या मधल्या फाइल्स वेगळ्याच.

मेमरीचंही तसंच आहे. कोणती जनुकं किती सक्रिय आहेत हे बघण्यासाठी ‘स्टार’ नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. मानवी जीनोमसाठी त्याला सुमारे ३० जीबी रॅम लागते. साधा लॅपटॉप इथेच हात टेकतो.

मग ऑनलाइन का करत नाहीत?

करतात. मोफत सार्वजनिक सर्व्हरही आहेत. पण ८० जीबीची एक फाइल ५० एमबीपीएसच्या जोडणीवरून पाठवायला साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. असे २० नमुने असतील तर तीन दिवस फक्त अपलोडमध्येच जातात.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जीनोम बदलता येत नाही. शिवाय त्यातून भावंडांची आणि मुलांचीही माहिती कळते. म्हणून रुग्णांचे नमुने हाताळणाऱ्या अनेक संस्थांना डेटा स्वतःच्या इमारतीतच ठेवायचा असतो.

‘गॅलक्सी’ काय आहे?

जीनोमची बहुतेक साधनं लिनक्सवर, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून चालवावी लागतात. जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते जमतंच असं नाही. ही अडचण सोडवण्यासाठी अमेरिकेत २००५ मध्ये ‘गॅलक्सी’ सुरू झालं. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे. ब्राउझर उघडायचा, साधन निवडायचं, फाइल द्यायची आणि बटण दाबायचं, इतकं ते सोपं आहे.

काम रांगेत असेल तर राखाडी, चालू असेल तर पिवळं, पूर्ण झालं तर हिरवं आणि बिघडलं तर लाल दिसतं.

सर्व्हरवर कसं बसवतात?

सुरुवात सोपी आहे. लिनक्सवर गॅलक्सीसाठी वेगळा युजर तयार करायचा. ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी खात्यातून ते चालवायचं नाही. मग ‘गिट’ने कोड उतरवायचा आणि त्यातली ‘रन’ ही स्क्रिप्ट चालवायची. पहिल्यांदा बराच वेळ लागतो, कारण लागणाऱ्या बाकीच्या गोष्टी ती स्वतःच उतरवून घेते. पायथॉनची आवृत्ती जुनी असेल तर गाडी इथेच अडते. सगळं नीट झालं की त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर गॅलक्सी उघडतं.

त्यानंतर तीन कामं उरतात.

पहिलं, सेटिंगच्या फाइलमध्ये प्रशासकाचा ईमेल लिहायचा. तो नसेल तर नवीन साधनं बसवण्याचा पर्यायच दिसत नाही.

दुसरं, डेटाबेस बदलायचा. सुरुवातीला ‘एसक्यूलाइट’ हा छोटा डेटाबेस मिळतो. एका माणसाला तो पुरतो. दहा जण एकदम काम करू लागले की ‘डेटाबेस लॉक्ड’ असा संदेश येऊ शकतो. म्हणून रोजच्या वापरासाठी ‘पोस्टग्रेस’ बसवतात, आणि ते कामाला सुरुवात करण्याआधीच बसवलेलं बरं.

तिसरं, साधनं ‘टूल शेड’ या भांडारातून घ्यायची. तिथे प्रत्येक साधनाची आवृत्ती नोंदलेली असते. ही नोंद पुढे फार उपयोगी पडते.

हमखास येणाऱ्या अडचणी

*शेजारच्या संगणकावरून उघडत नाही.* गॅलक्सी मूळ सेटिंगमध्ये फक्त स्वतःच्याच संगणकाला उत्तर देतं. नेटवर्कवर दिसण्यासाठी सेटिंगमधला पत्ता बदलावा लागतो आणि फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागते.

*संदर्भ जीनोमची यादी रिकामी दिसते.* इथे बिघाड काहीच नसतो. नव्या सर्व्हरवर संदर्भ जीनोम आलेलाच नसतो. प्रशासकाने ‘डेटा मॅनेजर’ वापरून तो उतरवायचा, मग प्रत्येक साधनासाठी त्याची अनुक्रमणिका बनवायची. पुस्तक आणलं तरी अनुक्रमणिका नसेल तर पान सापडणार कसं?

*अपलोड केलेली फाइल साधनाला दिसत नाही.* फाइलचा प्रकार तपासायचा. अनेक साधनांना ‘फास्टक्यूसँगर’ प्रकार हवा असतो आणि फाइलवर नुसतं ‘फास्टक्यू’ लिहिलेलं असतं. पण लेबल बदलण्याआधी फाइल खरंच त्या प्रकारची आहे ना, हे बघायचं.

*काम तासन्‌तास राखाडीच राहतं.* बहुतेक वेळा पुढे रांग असते, किंवा कामं वाटून देणारी प्रक्रियाच बंद पडलेली असते. पुन्हा पुन्हा बटण दाबलं तर रांग आणखी वाढते. लॉग बघणं हाच उपाय.

*काम लाल होतं आणि ‘किल्ड’ किंवा ‘१३७’ दिसतं.* मेमरी संपल्यामुळे लिनक्सने ते काम बंद पाडलं, असा याचा बहुतेक वेळा अर्थ असतो. मोठी कामं एकाच वेळी चालणार नाहीत अशी मर्यादा घालावी लागते.

*फाइल्स डिलीट केल्या तरी डिस्क भरलेलीच राहते.* गॅलक्सीत डिलीट केलेली फाइल लगेच पुसली जात नाही. ती कायमची काढण्याचा पर्याय वेगळा आहे.

लाल रंग दिसला की अनेक जण घाबरतात. पण लाल रंगासोबत कारणाचा धागा मिळतो. चौकटीतल्या बगच्या चिन्हावर क्लिक केलं की मूळ संदेश दिसतो, आणि त्याची पहिली तक्रार सहसा शेवटच्या ओळीपेक्षा जास्त कामाची असते.

खरी भीती हिरव्या रंगाची

हिरवा रंग इतकंच सांगतो की काम पूर्ण झालं. उत्तर बरोबर आहे, असं तो सांगत नाही.

मानवी संदर्भ जीनोमच्या दोन आवृत्त्या आजही वापरात आहेत. ‘जीआरसीएच ३७’ ही २००९ ची आणि ‘जीआरसीएच ३८’ ही २०१३ ची. स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असलेलं ‘बीआरसीए १’ हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे. जुन्या आवृत्तीत त्याचा पत्ता ४ कोटी ११ लाख ९६ हजारांच्या पुढे सुरू होतो, नव्या आवृत्तीत ४ कोटी ३० लाख ४४ हजारांच्या पुढे. फरक साडेअठरा लाख अक्षरांचा आहे.

समजा, तुकडे नव्या आवृत्तीवर जुळवले आणि जनुकांची यादी जुन्या आवृत्तीची वापरली. सॉफ्टवेअर तक्रार न करता जुन्या पत्त्यावर जाऊन बघेल. तिथे बदल सापडला नाही तर अहवालात ‘काही आढळलं नाही’ असं येईल. चौकट मात्र हिरवीच असेल.

नावांचाही असाच घोळ होतो. एका ठिकाणची फाइल गुणसूत्राला ‘सीएचआर १’ म्हणते, दुसरीकडची नुसतं ‘१’. दोन्ही एकत्र वापरल्या तर मोजणी शून्य येते. निदान हे शून्य डोळ्यांना खटकतं तरी.

शेवटी निकाल एक्सेलमध्ये उघडला की नवाच धोका सुरू होतो. ‘सेप्ट १’, ‘मार्च १’ अशा जनुकांच्या नावांना एक्सेल तारखा समजायचं. हा गोंधळ इतका वाढला की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली. ‘सेप्ट १’ आता ‘सेप्टिन १’ आहे.

मग विश्वास कधी ठेवायचा?

उत्तर आधीच माहीत असलेला नमुना चालवून बघायचा. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने ‘जीनोम इन अ बॉटल’ उपक्रमात असे नमुने तयार केले आहेत. पहिला २०१५ मध्ये उपलब्ध झाला. त्या जीनोममध्ये कुठे काय बदल आहेत याची तपासलेली यादी खुली आहे. नव्या सर्व्हरवर हा डेटा चालवून निकाल त्या यादीशी ताडून बघतात. कोणतंही साधन अपडेट केलं की हीच तपासणी पुन्हा करायची.

सोबत प्रत्येक अहवालावर दोन गोष्टी लिहायच्या: संदर्भ जीनोम कोणता आणि साधनाची आवृत्ती कोणती. डेटाबेस, फाइल्स आणि सेटिंग या तिन्हींचा एकत्र बॅकअप ठेवायचा. डेटाबेस गेला तर फाइल्स उरतात, पण कोणती फाइल कोणाची हे कळत नाही.

भारतात हे काम आता वाढणार आहे. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातल्या १० हजार भारतीयांच्या जीनोमचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला करण्यात आला. तो फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ठेवला आहे.

उद्या घरातल्या कोणाच्या हातात जीनोम तपासणीचा अहवाल आला, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारता येईल: “हा अहवाल संदर्भ जीनोमच्या कोणत्या आवृत्तीवर काढला आहे?” चांगल्या प्रयोगशाळेच्या अहवालात याचं उत्तर छापलेलं असतं.